गुरुवारच्या सिस्टर

पुरुषमाणूस दिसला की सिस्टर त्याला एकच प्रश्न विचारत. मग तो आमच्या केंद्रातला रुग्ण असो, शहादा गाडीचा कंडक्टर असो, की बँकेतला साहेब असो.

"तुन्ही बायकोनी पाळी कोन्ती तारीखले येस रे भो?"

समोरचा आधी ऐकूच आलं नाही असं दाखवायचा. मग कसनुसं हसत म्हणायचा, "ते बायासनं काम शे, सिस्टर. आपले काय ठावं?" सिस्टर याच उत्तराची वाट बघत असायच्या. "म्हैस कवय गाभन ऱ्हायनी ते बरं तोंडपाठ शे तुले!" हे त्या इतक्या मोठ्याने म्हणत की रस्त्यापलीकडच्या पानटपरीवरची माणसं वळून बघायची. मी केंद्रात रुजू झालो त्या दिवशी मलाही हा प्रश्न आला. माझं लग्न झालेलं नाही, असं मी सांगितलं आणि सुटलो असं वाटून घेतलं. "मंग आतेच शिकी ले," त्या म्हणाल्या, "लगीन व्हवावर कोन शिकस?"

आमचं केंद्र व्यसनमुक्तीचं. शहाद्याबाहेर, म्हसावदच्या रस्त्याला, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये. मी तिथे समुपदेशक होतो. समाजकार्याची पदवी धुळ्याहून घेऊन आलो होतो आणि आपल्याला माणसं कळतात असा माझा समज होता. सिस्टर दर गुरुवारी नंदुरबारहून एस.टी.ने येत. त्यांची सगळी नोकरी धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या उपकेंद्रांत गेलेली. निवृत्त झाल्या तरी पांढरी साडी सुटली नव्हती, आणि साडीखाली पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. डोंगरात चालून चालून पायांना तीच सवय झाली, असं त्या सांगत. माझं नाव त्यांनी कधी लक्षातच ठेवलं नाही. शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी 'धुळेकर' होतो.

केंद्रात त्यांना एक तास दिलेला होता. वेळापत्रकात त्या तासाचं नाव 'आरोग्यविषयक मार्गदर्शन' असं होतं. हे नाव अध्यक्षांनी दिलेलं. सिस्टर त्या कागदावर दर गुरुवारी पेनने 'पाळी, गर्भ, रोग' असं लिहायच्या आणि सोमवारपर्यंत ऑफिसातलं कोणीतरी नवा कागद लावायचं. अध्यक्ष म्हणजे उसाचे मोठे बागायतदार, भाषण करायला कायम तयार. "सिस्टर, विषय नाजूक आहे," असं त्यांनी एकदा सगळ्यांदेखत सुचवलं. सिस्टरांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा घास मोडता मोडता उत्तर दिलं, "नाजूक बायंतीन ऱ्हास, साहेब. विषय कसाना नाजूक?"

भाकरी मुद्दाम सांगितली. त्या शिकवता शिकवता जेवत. सकाळच्या गाडीने निघायचं आणि दुपारी परतायचं, म्हणून जेवायला वेगळा वेळ नसायचा. एका हातात हिरवी मिरची आणि दुसऱ्या हातात भाकरी. बाळंतपणानंतर पडणारी वार केवढी असते, कशी दिसते, हे दाखवायला त्यांनी एकदा ती भाकरीच वर धरली, उलटसुलट करून दाखवली आणि मग शांतपणे खाल्ली. त्या दिवशी दोघा रुग्णांनी जेवणाचं ताट परत पाठवलं.

पण त्यांची खरी करामत फक्कीची होती. कबड्डीचं मैदान आखायला वापरतात ती पांढरी फक्की. पिशवी माझ्या हातात देऊन त्या शेडसमोरच्या अंगणात भली मोठी गर्भपिशवी आखून घेत. दोन्ही बाजूंना नळ्या, नळ्यांच्या टोकाला दोन बीजकोश. मग रुग्णांतला कोणीतरी उठवायचा आणि सांगायचं, "चाल. आज तू बी शे." मोठमोठ्या मिशांचे, एकेकाळी गाव हलवणारे गडी त्या नळीतून पाय जपत चालायचे. बाकीचे टाळ्या वाजवायचे. सिस्टर मधेच ओरडायच्या, "थांब! आठे नवराना बी भेटना ते गर्भ. नही भेटना ते चौदा-पंधरा दिनमा महिना." आणि मग एक गोष्ट त्या दर वेळी सांगत. दारूने बाईची पाळी बिघडते, कधी वर्षानुवर्षं बंद पडते. दारू सोडली की शरीर हळूहळू पहिल्यासारखं व्हायला लागतं. पण आधी बी येतं आणि पाळी त्यानंतर. म्हणजे पाळी आली नाही म्हणून बाई निर्धास्त, आणि गर्भ राहिलेला असू शकतो. हे मी फक्कीची पिशवी धरून निदान वीस वेळा तरी ऐकलं असेल.

एकदा अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन नेमके तेव्हाच आले. दोघे-तिघे देणगीदार होते. अध्यक्ष बोलत बोलत अंगणाच्या मध्यावर आले तशा सिस्टर म्हणाल्या, "साहेब, दखीसन पाय टाका. तुम्ही गर्भपिशवीमा उभा शेतस." अध्यक्षांनी असा पाय उचलला की बूट निसटला. पुढच्या आठवड्यापासून सिस्टरांचा तास रुग्णांच्या कपडे धुण्याच्या वेळेत टाकला गेला. सिस्टरांनी तो नळावर घेतला. ओले हात, फेस, आणि मधे त्या.

पुरुषांना त्यांच्याकडून काय मिळालं, हे मी सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. दारू सोडलेला माणूस पहिल्या काही महिन्यांत एका भीतीने पोखरलेला असतो आणि ती तो बायकोलासुद्धा सांगत नाही. प्रकाशा गावाकडचा एक केळीवाला उपचार अर्ध्यात टाकून पळाला, कारण दारू सुटायच्या गोळीने आपला पुरुषपणा गेला असं त्याला वाटलं. बसस्टँडमागच्या तंबूतल्या वैद्याने त्याला चूर्ण दिलं आणि चूर्णाबरोबर दोन घोट घ्यायला सांगितलं. सिस्टर त्याच्या मळ्यात गेल्या. "ते दारूनी नेयल शे, गोळीनी नही. यायले येळ लागी. तवलोंग बायकोसंगे बोलाले शिक," असं केळीच्या बागेत उभं राहून सांगितलं आणि त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून त्याला केंद्रात परत आणलं. गुप्तरोग हा शब्द त्यांना चालत नसे. "गुप्त काय शे त्यामा? बठा गावले माहीत ऱ्हास, फक्त डॉक्टरले नही." तपासणीला त्या पुरुषांना स्वतः रांगेत उभं करायच्या.

बायका मात्र केंद्रात येतच नव्हत्या. गोडाऊनशेजारच्या खोलीत बायकांसाठी दोन खाटा होत्या आणि त्यांवर बहुतेक जुनी रजिस्टरं पडलेली असायची. बाई पिते हे आपल्याकडे कोणाला मान्य करायचं नसतं. उसाच्या तोडीला गुजरातेत गेलेली बाई नवऱ्याबरोबर दिवसभर राबते, रात्री अंग ठणकतं म्हणून दोघंही घेतात. पण गावात परतल्यावर तो दमलेला असतो आणि ती बदफैली.

अशी एक बाई आमच्याकडे आली. डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरची, भिल्ल घरातली, तिशीच्या आतबाहेर. तिचा नवराही आमच्याचकडे सुधारला होता, त्यानेच तिला आणलं. त्यांची सात वर्षांची मुलगी सासूने ठेवून घेतली होती. सासूचं म्हणणं, सहा महिने कोरडी राहिल्याचं केंद्राचं पत्र आण आणि पोरगी घेऊन जा. बाई एक महिना केंद्रात राहिली, मग घरून दर गुरुवारी यायला लागली. नवऱ्याने रोज समोर बसून गोळी द्यायची, गुरुवारची गोळी सकाळच्या सभेत, सिस्टर यायच्या आधी, सगळ्यांसमोर. ही गोळी पोटात असताना दारू घेतली की माणूस लालबुंद होतो, धाप लागते, ओकून ओकून बेजार होतो. त्या भीतीनेच तो पीत नाही. सहा महिने पुरे व्हायला तीन आठवडे उरले होते.

आणि ती ओकायला लागली.

पहिल्या गुरुवारी ती गोळी घेऊन नळाकडे धावली तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या गुरुवारी सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. तिसऱ्या गुरुवारी नवऱ्याने सांगितलं की घरीही रोज सकाळी असंच होतं. गोळीवर उलटी म्हणजे पोटात दारू, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी फाइल उघडली आणि लिहिलं: 'गोळीवर वारंवार उलट्या. चोरून मद्यपान केल्याचे निष्पन्न.' निष्पन्न! कशावरून निष्पन्न? आज तो शब्द आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तिचं तोंड हुंगलं, वास नव्हता. तर मी मनात म्हटलं, वेलची खाल्ली असेल.

सभेत अध्यक्षांनी तिला उभं केलं. पंचवीस पुरुष बसलेले आणि ती एकटी बाई उभी. मला माझी नोंद मोठ्याने वाचायला सांगितली आणि मी वाचली. ती पदराचं टोक मुठीत धरून एवढंच म्हणाली, "मी नही पिनी." तिथे बसलेल्या प्रत्येकाने हे वाक्य आपल्या आयुष्यात शंभरदा खोटं म्हटलेलं होतं, म्हणून कोणीच त्यावर विश्वास ठेवला नाही. आम्हाला शिकवलंच तसं होतं: रुग्णाच्या शब्दावर जाऊ नका. अध्यक्ष म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. नाव कमी करा. आणि हिच्या सासूला कळवा, त्या लेकराचा प्रश्न आहे."

त्या दिवशी सभा लांबली, तोवर नंदुरबारची गाडी आली. सिस्टर आल्या त्या घाम पुसतच. काय चाललंय ते मी त्यांना सांगितलं.

"वास उना का?"

"नाही."

"बिनावासनी दारू कवयपशी निंघनी रे, धुळेकर?" त्या बाईकडे वळल्या आणि भर सभेत, नेहमीच्या आवाजात विचारलं, "सांग व माय, तुन्हा महिना कवय उना व्हता?"

पंचवीस जणांनी माना खाली घातल्या. अध्यक्ष म्हणाले, "सिस्टर, तिला आत घेऊन जा, हे इथे..." सिस्टरांनी तिकडे बघितलंही नाही. बाई थांबत थांबत बोलली, अर्धं तिच्या बोलीत, अर्धं बाजारच्या भाषेत. तीन वर्षं पाळी आली नव्हती. दारूने पिशवी वाळली, आता मूल होणार नाही, असं तिला भगताने आणि एका डॉक्टरनेही सांगितलं होतं. दारू सुटल्यावर एकदाच आली. मग नाही. नाही आली तर ती नेहमीसारखीच नाही आली, असं तिला वाटलं.

सिस्टर तिला बायकांच्या खोलीत घेऊन गेल्या. त्यांच्याजवळ तपासणीची पट्टी असायचीच. परत आल्या ती पट्टी रुमालावर धरून, आणि माझ्या फाइलवर ठेवली. दोन रेघा होत्या. सगळ्यांनी बघितल्या. नवरा तर उठून जवळ येऊन बघून गेला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला.

ही गोळी गरोदर बाईला देत नाहीत. आणि ती आम्ही तिला आठवडेच्या आठवडे दिली होती, सगळ्यांसमोर, टाळ्या वाजवून. भरती करताना तिच्याकडून कागदांच्या गठ्ठ्यावर अंगठे घेतले होते. धर्म विचारला, जात विचारली, सामान किती ते लिहिलं, बिड्या ओढतेस का विचारलं. तीस वर्षांच्या बाईला पाळी कधी आली होती, हे त्या गठ्ठ्यात कुठेच विचारलेलं नव्हतं. आठवड्यातून एकदा येणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही. आणि मी, ज्याने फक्की टाकून ती पिशवी इतक्यांदा आखली, त्यानेही विचारलं नाही. अंगणात तो धडा होता. समोर जिवंत बाई ओकत होती तेव्हा मला फक्त बाटली दिसली.

सिस्टर माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू लिखं ना हाई?" मी हो म्हटलं आणि पेन काढून ती ओळ खोडायला लागलो. त्यांनी माझा हात धरला. "खोडू नको. तठेच ऱ्हाऊ दे. खाले लिख, मी इचारं नही. आणि सही कर."

मी लिहिलं. मग त्यांनी ते मला उभं राहून वाचायला लावलं. अध्यक्षांना वाटलं प्रकरण मिटलं. "गैरसमज झाला, हेतू चांगला होता," ते म्हणाले. कोणाचा गैरसमज? पंचवीस पुरुषांत तिला एकटीला उभं करणाऱ्यांचा? तिची माफी मागावी असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. सिस्टरांनी तिला त्याच दुपारी मोठ्या दवाखान्यात नेलं. गोळी बंद झाली, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी लक्ष ठेवू म्हणून सांगितलं. पुढे तिला धडधाकट मुलगा झाला. पण हे सगळं व्हायच्या आधी 'ती पुन्हा प्यायला लागली' ही बातमी पाड्यावर पोहोचलेली होती. कोण घेऊन गेलं देव जाणे. सिस्टर मला घेऊन तिच्या सासूच्या अंगणात गेल्या आणि तिथेही मला बोलायला लावलं. ती प्यायली नव्हती, मी खोटं लिहिलं, हे मी चारचौघांत म्हटलं. म्हातारीने आत जाऊन नातीचे कपडे बांधले. मुलगी आईबरोबर गेली.

केंद्राने काय केलं? भरतीच्या कागदात तो एक प्रश्न घालावा, पहिल्याच आठवड्यात हा वर्ग घ्यावा, बाई असो की बाप्या, असं सिस्टरांनी लिहून दिलं. अध्यक्षांनी कळवलं की ही व्यसनमुक्ती संस्था आहे, कुटुंबनियोजनाचं केंद्र नाही. आणि महिनाभरात सिस्टरांच्या वयाचा, प्रवासाच्या दगदगीचा विचार करून त्यांना सन्मानाने थांबवण्यात आलं. शाल दिली. नारळ दिला. माझं डोकं आजही तापतं ते या नारळावरून. केंद्रातली चूक पकडणारं एकच माणूस होतं, आणि त्यालाच नारळ.

शाल खांद्यावर तशीच टाकून त्या माझ्या टेबलाशी आल्या. "ही बाई येवाना आधी आठे कोन्ही बाई उन्थी का?"

एक आली होती. दोन वर्षांपूर्वी, सिस्टर आजारपणामुळे येत नव्हत्या तेव्हा. मी जुनं रजिस्टर काढलं. सिस्टरांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या. 'गोळीवर वारंवार उलट्या. चोरून मद्यपान. नाव कमी केले.' अक्षर माझंच होतं. मला तिचा चेहरासुद्धा आठवत नव्हता.

"चाल," सिस्टर म्हणाल्या.

पत्त्यात गावाचं नाव होतं, पाड्याचं नव्हतं. दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी एका नाल्यापलीकडे, कुडाच्या घरापुढे ती सापडली. बाजेवर बसली होती. डोळे तांबारलेले, हात थरथरत होते, आणि भरदुपारी तोंडाला वास येत होता. मांडीवर मूल होतं, दीड वर्षाचं असेल, वयाच्या मानाने फारच बारीक. सिस्टरांनी ते उचलून घेतलं, त्याचा दंड दोन बोटांत धरून बघितला, डोक्यावरून हात फिरवला. कधी झालं, किती महिन्यांचं, असं त्यांनी विचारलं. बाईने सांगितलं तसे त्या बोटांवर महिने मोजत गेल्या आणि मधेच थांबल्या. मोजणी मीही मनात करत होतो. ती आमच्या नळावर ओकत होती तेव्हा हे मूल पोटात होतं.

मी तिला म्हटलं, ताई, मी त्या केंद्रातला. त्या दिवशी मी तुमच्या नावापुढे चुकीचं लिहिलं. आम्ही विचारलं नाही.

तिने मला ओळखलं. रागावली नाही. माझ्यावर रागावण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. मूल सिस्टरांच्या हातातून परत घेत ती मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "त्या दिवशी मी नव्हती पिली, साहेब. तुम्ही काढलं, मग पिली."